गच्चीवरची घटना

श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या संस्थेचा इतिहास सांगायला कोणीही बसले की सुरुवात १५ मार्च १९५९ या तारखेपासून होते. ते योग्यच आहे. त्या दिवशी गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात बायका जमल्या, ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटायला बसल्या आणि संध्याकाळपर्यंत चार पुडे भरून उठल्या. ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. या स्मरणिकेसाठी लिहायचे ठरले तेव्हा मी मनाशी एवढेच पक्के केले, की गच्चीवर थोडा वेळ थांबायचे आणि मग १९६६च्या जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांपाशी बैठक मारायची. त्या तीन महिन्यांत पापडाच्या पिठात काही फरक पडला नाही. संस्था मात्र कागदावर आली, तिला घटना मिळाली, आणि गिरगावच्या भरवस्तीतले हे काम सरकारदरबारी ‘ग्रामोद्योग’ म्हणून मान्य झाले.

आधी त्या सात जणींची नावे लिहितो, कारण ती एका ओळीत सगळी क्वचितच छापली जातात: जसवंतीबेन जमनादास पोपट, पार्वतीबेन रामदास ठोदाणी, उजमबेन नारणदास कुंडलिया, बानुबेन तन्ना, लागुबेन अमृतलाल गोकाणी, जयाबेन विठलाणी आणि दिवाळीबेन लुक्का. लोहाणा निवास म्हणजे पाच इमारतींचा समूह. तिथे एकाने चालवलेला पापडाचा धंदा तोट्यात गेला होता, तो या बायकांनी हाती घेतला. ८० रुपये दिले ते सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे कार्यकर्ते छगनलाल करमसी पारेख यांनी. सगळे त्यांना छगनबापा म्हणत. नामदार गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या या सोसायटीचे आणि मुंबईच्या कष्टकरी वस्तीचे नाते जुने. परळ-लालबागच्या गिरणगावात सोशल सर्व्हिस लीगचे काम उभे करणारे ना. म. जोशी याच सोसायटीचे. हिशेब चोख ठेवायचा, वर्षाचा ताळेबंद मांडायचा आणि काम कोणा एकाच्या नावावर न ठेवता संस्थेच्या नावावर ठेवायचे, हे वळण त्या परंपरेतले आहे. छगनबापांनी ते गच्चीवर आणले.

त्यांचे दोन आग्रह पुढच्या सगळ्या इतिहासाला पुरून उरले. सुरुवातीला बायका दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्त विकायचा, जरा हलका. छगनबापांनी हलका बंद करायला लावला. पापड एकाच प्रतीचा, आणि तोही उत्तम. दुसरा आग्रह असा, की तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही. ही दुसरी गोष्ट मी मुद्दाम लक्षात ठेवायला सांगतो, कारण सात वर्षांनी जेव्हा कायद्याचा कागद झाला तेव्हा तो धर्मादाय संस्थेचा झाला. धर्मादाय म्हणून नोंद, पण कोणाचा धर्मादाय पैसा घ्यायचा नाही! आपल्याकडच्या किती संस्थांना हे जमेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

पहिले वर्ष उन्हाचे आणि पावसाचे गेले. तीन महिन्यांत बायका २५च्या आसपास झाल्या. पाऊस लागला तेव्हा गच्ची बंद, वाळवण बंद, आणि चार महिने काम बंद. ज्यांच्या घरी उन्हाळी कामांत पापड, कुरडया, सांडगे होतात त्यांना ही अडचण समजावून सांगायला नको. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली पेटता स्टोव्ह. आषाढातही पापड वाळू लागले. मोडके पापड शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटले जात. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. दुसऱ्या वर्षाअखेर दीडशे बायका होत्या, तिसऱ्या वर्षाअखेर तीनशेच्या वर. १९६२ साली नावासाठी स्पर्धा घेतली. धीरजबेन रूपारेल यांनी सुचवलेल्या ‘लिज्जत’ या नावाला पाच रुपयांचे बक्षीस मिळाले. १९६२-६३ची विक्री १ लाख ८२ हजारांवर गेली.

तीनशे बायका गच्चीवर मावेनात. म्हणून पीठ एका जागी मळायचे, ते तोलून बायकांना घरी द्यायचे, त्यांनी घरी लाटून वाळवून दुसऱ्या दिवशी पापड परत आणायचे आणि ते तोलून घ्यायचे, अशी पद्धत पडली. लाटल्याचा मोबदला, त्याला संस्थेत ‘वणाई’ म्हणतात, तो रोजच्या रोज हातात. घरची चूल, मुले, सासू-सासरे सांभाळून, दहा बाय बाराच्या खोलीत पोळपाट मांडून हे काम करता येत होते, म्हणून ते वाढले. गिरगावातल्या चाळीत राहिलेल्या माणसाला हे चित्र डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडत नाहीत.

पण इथेच कागदाची गरज सुरू झाली. सात जणींचा कारभार तोंडओळखीवर चालतो. तीनशे जणींचा चालत नाही. मळलेले पीठ कोणाच्या मालकीचे? व्यापाऱ्याने पैसे बुडवले तर दावा कोणी लावायचा? बँकेत खाते कोणाच्या नावे? उद्या या सातांतली एक जण गेली तर तिचा वाटा तिच्या मुलांकडे जाणार का? कायद्याच्या नजरेने पाहिले तर जुलै १९६६ पर्यंत ‘लिज्जत’ नावाचे कोणी अस्तित्वातच नव्हते. होत्या त्या शेकडो स्वतंत्र बायका. अशा समूहाला कोणी ८० रुपये देऊ शकतो, कारण देणारा त्यांना तोंडाने ओळखतो. मोठे भांडवल द्यायचे तर देणाऱ्याला कागद लागतो, हिशेब लागतो आणि पैसा कोणत्या कामासाठी आहे हे लिहिलेले लागते.

जुलै १९६६ मध्ये १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्थेची नोंद झाली. हा कायदा ब्रिटिशांच्या काळातला, पण आजही आपली वाचनालये, शाळा, नाट्यमंडळे, व्यायामशाळा त्याच्यावरच उभ्या आहेत. त्याच्या पहिल्याच कलमात अट आहे: निदान सात व्यक्ती हव्यात. गच्चीवर जमल्या होत्या त्याही सातच. त्या जमल्या तेव्हा हे कलम त्यांच्या मनात असायचे काही कारण नव्हते, आणि म्हणूनच मला तो योग गोड वाटतो. या कायद्याला दोन कागद लागतात. एकात संस्थेचे नाव, तिचे उद्देश आणि कार्यकारिणीतल्या प्रत्येकाचे नाव, पत्ता व व्यवसाय. दुसरा म्हणजे नियमावली, जिला आपण साध्या बोलीत ‘घटना’ म्हणतो. त्या व्यवसायाच्या रकान्यापाशी मी वाचता वाचता थांबतो. ज्या बायकांच्या नावापुढे मुलांच्या शाळेच्या अर्जावर ‘घरकाम’ एवढेच पडायचे, त्यांचा व्यवसाय विचारणारा सरकारी कागद त्यांच्यासमोर आला होता.

लिज्जतला पुष्कळ जण सहकारी संस्था म्हणतात. वागण्यात ती सहकारी आहे, कायद्याने नाही. महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा १९६०चा. तो तेव्हा नवा होता आणि मोकळाही होता. पण सहकारी संस्थेत भागभांडवल येते, आणि ज्याने भाग घेतला तो सभासद. कंपनीत तर मालकी पैशानेच मोजतात. सोसायटीच्या कायद्यात सभासद कोण हे संस्थेची घटना ठरवते. त्यामुळे जी लाटते ती सभासद आणि जी सभासद ती मालकीण, हा गच्चीवरचा रिवाज तसाच्या तसा कागदावर उतरू शकला. पैसे घालून कोणी सभासद होऊ शकत नाही. पुरुष तर सभासद होऊच शकत नाहीत. हिशेबनीस, चालक, पहारेकरी म्हणून ते पगारावर असतात. नफा-तोटा लाटणाऱ्या बहिणींचा. कारभार २१ जणींच्या कार्यकारिणीकडे, निर्णय एकमताने, आणि एकीनेही नकार दिला तर तो निर्णय अडतो. शाखेची संचालिका असो की संस्थेची अध्यक्षा, ती पोळपाटापाशी बसून वर आलेली.

या कायद्यात आणखी एक कलम आहे, त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. संस्था बंद करायची वेळ आली तर देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांनी वाटून घ्यायची नाही; ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. म्हणजे बहीण मालकीण आहे, पण संस्था विकून पैसे करायला मोकळी नाही. तिचा हक्क लाटण्याशी बांधलेला आहे. काम चालू आहे तोवर वाटा चालू आहे. शिवाय महाराष्ट्रात धर्मादाय उद्देशाने या कायद्याखाली नोंदलेली सोसायटी १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली विश्वस्त संस्थाही ठरते. त्या कायद्यात धर्मादाय उद्देशांची व्याख्या आहे: दारिद्र्य किंवा संकटाचे निवारण, शिक्षण, औषधोपचार, आणि लोकोपयोगी असे इतर काही. बाईला घरबसल्या मानाने चार पैसे मिळवून देणे हे यात बसते. बसवावे लागत नाही, आपसूक बसते. ज्या संस्थेचे काम आधी आणि उद्देश नंतर लिहिले गेले, तिला हा फायदा असतो.

याच जुलै महिन्यात, छगनबापांच्या शिफारशीवरून, खादी व ग्रामोद्योग आयोगाचे अध्यक्ष उच्छंगराय ढेबर स्वतः काम पाहायला आले. ढेबर हे सौराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री आणि काँग्रेसचे माजी अध्यक्ष. आयोग १९५६च्या कायद्याने झाला, १९५७ पासून कामाला लागला, त्याचे मुख्य कार्यालय मुंबईतच आणि पहिले अध्यक्ष वैकुंठलाल मेहता. गांधीजींच्या मागून खेड्यातल्या हातउद्योगांना भांडवल आणि बाजार देणारी ही सरकारची यंत्रणा. गिरगावात खेडे कुठले? इथे कायद्याची भाषा नीट वाचावी लागते. १९५६च्या मूळ कायद्यात ग्रामोद्योग कुठे चालतो यावर बंधन नव्हते. कायद्याला एक अनुसूची जोडली होती. तिच्यात जो उद्योग आहे तो ग्रामोद्योग. मधमाशीपालन, घाणीचे तेल, हातकागद, कुंभारकाम, घरगुती साबण, आगकाड्या, कातडी कमावणे, ताडगूळ, धान्यप्रक्रिया, असे ते उद्योग. पापड उडदाचा. उडीद कडधान्य. सप्टेंबर १९६६ मध्ये आयोगाने लिज्जतला ‘धान्य व कडधान्य प्रक्रिया उद्योग’ या गटातले घटक म्हणून रीतसर मान्यता दिली आणि तिचे काम ग्रामोद्योग ठरले.

त्या वर्षी आयोगाने ८ लाख रुपये खेळते भांडवल दिले आणि काही करसवलती मिळाल्या. ८० रुपये आणि ८ लाख, दहा हजार पट, सात वर्षांत. तीन-चार वर्षांपूर्वी संस्थेची अख्ख्या वर्षाची विक्री १ लाख ८२ हजार होती हे लक्षात घेतले म्हणजे या रकमेचे वजन कळते.

खेळत्या भांडवलाचे महत्त्व पापडाच्या धंद्यात दोन जागी आहे. उडीद, हिंग, मिरी हा माल हंगामात, भाव उतरलेला असताना आणि एकाच प्रतीचा भरपूर घ्यावा लागतो. दर आठवड्याला किरकोळ घेतला की प्रत बदलते, आणि प्रत बदलली की पापडाची चव बदलते. एकाच प्रतीच्या पापडाचा आग्रह धरायचा तर गोदामात डाळ हवी. दुसरी जागा वणाईची. बाईला तिचे पैसे पापड तोलल्यावर त्याच दिवशी मिळतात, व्यापाऱ्याकडून मात्र ते पुढे कधीतरी येतात. मधले दिवस कोणीतरी सांभाळायचे असतात. ते सांभाळायला पैसा नसेल तर पहिला घाला बाईच्या रोजच्या पैशावर येतो. ८ लाखांनी ते दिवस सांभाळले. मी कोणत्याही संस्थेचा इतिहास वाचतो तेव्हा मोठ्या आकड्याच्या मागे अशी एक साधी जागा शोधतो, जिथे तो पैसा जाऊन बसला. इथे ती जागा एका बाईच्या ओंजळीत सापडते.

थोडे विषयांतर करतो, कारण ही स्मरणिका वाचणाऱ्यांत संस्था चालवणारे पुष्कळ असतील. गिरगावातल्या एका छोट्या मंडळाच्या कारभारात मी काही वर्षे होतो. घटना जुनी, उद्देश तीन: व्यायाम, भजन आणि सार्वजनिक उत्सव. मुलींसाठी शिवणवर्ग सुरू केला, चांगला चालला, आणि यंत्रे घेण्यासाठी एका ठिकाणी अर्ज केला तेव्हा तो परत आला. तुमच्या उद्देशांत हे काम नाही. ते खरेच होते. काम आम्ही बदलले होते, घटना बदलायला विसरलो होतो.

मग घटनादुरुस्ती. उद्देश बदलायचे तर १८६०च्या कायद्यातले बारावे कलम लागते. प्रस्ताव लेखी करून प्रत्येक सभासदाला सभेच्या दहा दिवस आधी पोहोचवायचा. विशेष सभेत तीन-पंचमांश मते मिळवायची. मग एक महिना थांबून दुसरी विशेष सभा, आणि तिथे पुन्हा तीन-पंचमांश. आमच्या यादीतले अर्धे सभासद डोंबिवली, विरार, बदलापूरला गेलेले, काही तर देवाघरी. तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकलेल्याला सभासद म्हणून मोजत नाहीत, या तरतुदीने यादी आटोपशीर झाली. ज्यांची वर्गणी चुकती होती त्यांच्या घरी आम्ही स्वतः प्रस्ताव नेऊन दिले. दोन सभा झाल्या, नव्वद दिवसांच्या आत वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल केला, आणि मग शिवणवर्ग आमच्या घटनेत आला. एक महिना थांबायची ती अट मला तेव्हा जाचक वाटली होती. आता वाटत नाही. त्या महिन्यात एक म्हातारे सभासद घरी आले आणि म्हणाले, “भजन काढू नका, त्याच्या जोडीला शिवण लिहा.” आम्ही तसेच लिहिले.

त्या अनुभवामुळे लिज्जतच्या १९६६च्या कागदाबद्दल माझा आदर वाढला. तयार नमुन्यावरून घटना उतरवून काढायची आणि नावाची जागा तेवढी बदलायची, ही आपल्याकडची नेहमीची रीत. मान्यता हवी, अनुदान हवे, म्हणून उद्देशांच्या यादीत दहा गोष्टी कोंबायच्या. लिज्जतच्या बाबतीत मान्यता मिळवण्यासाठी लाटणाऱ्या बाईची मालकी पातळ करावी लागली नाही, पैसेवाल्याला सभासद करून घ्यावे लागले नाही, देणगी न घेण्याचा निश्चय सोडावा लागला नाही. पोळपाटाभोवती सात वर्षे जे घडत होते त्यालाच कागदाने मान्यता दिली.

पुढचा विस्तार मोठा आहे आणि तो सर्वांना दिसतो, म्हणून भरभर सांगतो. १९६८ साली महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा गुजरातेत वालोडला निघाली. ‘ग्रामोद्योग’ हा शब्द तिथे जाऊन खरोखरीच्या गावात पोहोचला. सत्तरच्या दशकात स्वतःच्या पिठाच्या गिरण्या, छपाई विभाग, वेष्टन विभाग झाले. खाकरा १९७४ साली आला, मसाले १९७६ साली, आणि १९८८ साली ‘ससा’ डिटर्जंट. १९७९ मध्ये आगकाड्या आणि चामड्याच्या वस्तू करून पाहिल्या, पुढे अगरबत्तीही. ते उद्योग चालले नाहीत. आगकाड्या आणि कातडी हे दोन्ही त्या जुन्या अनुसूचीतले उद्योग, हे मला लक्षणीय वाटते. कागदाने दरवाजा उघडून दिला होता, पण हात उडदाच्या पिठावर तयार झाले होते.

तोवर मुंबईत दुसरीकडेही ही वाट रुंदावत होती. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, आणि गिरणी कामगारांना डबे घालणाऱ्या या बायका राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जदार झाल्या. बाई तीच, स्वयंपाकघर तेच, आणि प्रश्नही तोच: हिच्या हातच्या कामाला कागदावर काय म्हणायचे?

१९८७ साली ग्रामोद्योगाची व्याख्या कायद्याने बदलली. उद्योग ग्रामीण भागात हवा, गावची वस्ती दहा हजारांच्या आत हवी, दर कारागिरामागे स्थिर भांडवल पंधरा हजारांपेक्षा जास्त नको, अशा अटी आल्या. खेड्यासाठीचा पैसा खेड्यात जावा म्हणून ती दुरुस्ती असेल, आणि तिचा हेतू मला पटतो. पण ती व्याख्या १९६६ साली लागू असती तर लोहाणा निवास तिच्यात बसला नसता. ढेबर आले तेव्हा कायदा उद्योगाकडे पाहत होता, पत्त्याकडे नाही. त्या फटीतून ही संस्था आत आली.

आज संस्थेच्या बहिणींची संख्या ४५ हजारांच्या आसपास सांगितली जाते. पहाटे शाखेच्या दारात रांग लागते, कालचे पापड तोलून घेतले जातात, आजचे पीठ डब्यात पडते. पापड अजून हातानेच लाटला जातो.

जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पद्म पुरस्कारांच्या सरकारी यादीत प्रत्येक नावापुढे क्षेत्र लिहिलेले असते. लोहाणा निवासाच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या त्या बाईंच्या नावापुढे लिहिले आहे: व्यापार आणि उद्योग, महाराष्ट्र.